प्लॅस्टिकची भांडी, नळ आणि पिण्याचे पाणी

गेल्या चैत्रात कांद्याच्या काढणीच्या सुमारास एका शेतावर जाण्याचा प्रसंग आला. ऊन चांगलेच तापले होते. बांधावर पाच लिटरचा एक पांढरा कॅन ठेवलेला होता आणि काढणीस आलेल्या बाया व त्यांची दोन मुले त्यातील पाणी पीत होती. कॅनवरील चिठ्ठी बहुतेक निघून गेली होती. पण उरलेल्या कोपऱ्यावर तणनाशकाच्या नावाची दोन अक्षरे स्पष्ट दिसत होती. विचारणा करता शेतमालक म्हणाले, "साहेब, सोड्याने चार वेळा विसळून घेतला आहे. आता वासदेखील येत नाही." हे गृहस्थ निष्काळजी नव्हेत. त्यांचा समज मात्र चुकीचा होता, आणि तो पुष्कळांचा असल्यामुळे हा विषय जरा सविस्तर मांडणे इष्ट वाटते.

प्लॅस्टिक ही पितळी घागरीप्रमाणे घट्ट, अभेद्य वस्तू आहे असे आपण धरून चालतो. वस्तुस्थिती तशी नाही. लहान लहान रेणू जोडून झालेल्या लांबच लांब साखळ्यांचा तो एक गुंता असतो. या साखळ्या पाण्यात विरघळत नाहीत. परंतु त्यांच्या मधल्या जागेत अनेक द्रव्ये अडकलेली असतात. नळी लवचिक राहावी म्हणून थॅलेट वर्गातील मार्दवकारी द्रव्ये घालतात, उष्णतेने माल खराब होऊ नये म्हणून स्थिरकारी द्रव्ये घालतात, शिवाय रंग असतात आणि साखळीत जोडले न गेलेले मूळ रेणूही काही उरतात. ही द्रव्ये साखळीशी बांधलेली नसल्याने हळूहळू पाण्यात उतरतात. उष्णता वाढली, पाणी अधिक काळ साठून राहिले किंवा भांडे जुने होऊन चरे पडले की हे उतरणे वाढते.

याच गुंत्यात बाहेरची द्रव्येही शिरतात. पुष्कळशी कीटकनाशके तेलकट द्रावकात केलेली असतात. डबा महिनोन्‌महिने भरलेला असताना हा द्रावक औषधासह डब्याच्या भिंतीत मुरतो. विसळण्याने पृष्ठभाग तेवढा स्वच्छ होतो. मुरलेला अंश पुढे पाण्यात थोडा थोडा परत येत राहतो, आणि कॅन उन्हात तापला की अधिक येतो. वास न येणे हा पुरावा नव्हे, कारण अनेक औषधांना ओळखण्याजोगा वासच नसतो. कीटकनाशक नियम, १९७१ यांतही रिकामी वेष्टने पुन्हा वापरली जाणार नाहीत अशा रीतीने नष्ट करण्याचा दंडक आहे. फवारणीच्या वेळीच डबा तीनदा विसळावा, ते पाणी फवारणी पंपात ओतावे आणि डब्यास तळाशी भोके पाडावीत. भोके पाडलेला डबा कोणी पाण्यास नेत नाही.

आता नळांकडे वळू. विहिरीचे पाणी वस्तीवर आणताना शेतीकरिता घेतलेले पी.व्ही.सी. पाईप उरले असतील तेच घरासाठी जोडण्याची रीत सर्वत्र दिसते. या पाईपांत स्थिरकारी म्हणून शिशाची संयुगे घालण्याची पद्धत आपल्या देशात दीर्घकाळ होती. केंद्र शासनाने त्यावर नियंत्रण आणणारे नियम २०२१ साली काढले; पण त्यापूर्वी पुरलेले नळ जमिनीत आहेतच. शिसे लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीस घातक असून त्याची निर्धोक अशी मात्रा ज्ञात नाही. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅमपेक्षा अधिक शिसे नसावे. पाणी उकळल्याने शिसे जात नाही. उलट पाणी आटल्यामुळे त्याचे प्रमाण किंचित वाढते, हे घरातील भगिनींना अवश्य सांगावे. घरगुती पाण्यासाठी पिण्याच्या पाण्याच्या मानकाचा, आय.एस. ४९८५ असा शिक्का असलेला पाईप घ्यावा. काळ्या पॉलिथिलीन पाईपात शिशाचा हा प्रश्न सहसा नसतो. परंतु डिझेल वा द्रावक सांडलेल्या जमिनीतून तो नेल्यास ती द्रव्ये पाईपाच्या भिंतीतून आत शिरतात. तेव्हा इंजिनाच्या खोलीजवळून पिण्याचा पाईप नेऊ नये.

उष्णतेचा परिणाम किती होतो, याचे एक बोलके उदाहरण आहे. पाण्याच्या पातळ बाटल्या ज्या प्लॅस्टिकच्या असतात, ते तयार करताना अँटिमनी नावाच्या धातूचे संयुग वापरतात. अमेरिकेतील ॲरिझोना येथील संशोधकांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बाटलीतील अँटिमनी तेथील मर्यादेपर्यंत, म्हणजे लिटरमागे ६ मायक्रोग्रॅमपर्यंत, पोहोचण्यास ६० अंश सेल्सियसला १७६ दिवस लागतील असे दिसले. ८० अंशांना मात्र केवळ २.३ दिवस! सावलीत ठेवलेल्या बाटलीबद्दल घाबरण्याचे कारण नाही हे यावरून दिसते. पण तीच बाटली बंद मोटारीत आठवडेच्या आठवडे तापत ठेवणे शहाणपणाचे नाही, हेही त्यावरून कळते.

टणक, पारदर्शक, निळसर रंगाच्या वीस लिटर जारांपैकी बरेच पॉलिकार्बोनेटचे असतात. त्यातून बिस्फेनॉल-ए हे द्रव्य उतरते. शरीरातील संप्रेरकांच्या कार्यात ते ढवळाढवळ करते. लहान मुलांच्या दुधाच्या बाटल्यांत त्याचा वापर युरोपीय संघाने २०११ साली बंद केला, आणि तेथील अन्नसुरक्षा संस्थेने २०२३ साली त्याची सह्य मात्रा पूर्वीपेक्षा वीस हजार पटींनी खाली आणली. अशा जारात उकळते पाणी कधीही ओतू नये. तेवढ्या उष्णतेने हे द्रव्य कितीतरी पट वेगाने बाहेर पडते. लग्नकार्यात जार उन्हात रचून ठेवण्याची प्रथाही सोडावी.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगणे कर्तव्य आहे. बिस्फेनॉल आणि थॅलेट ही द्रव्ये पाण्यापेक्षा अन्नातूनच शरीरात अधिक जातात. आणि गावात गॅस्ट्रोची साथ येते ती जंतूंमुळे, प्लॅस्टिकमुळे नव्हे. म्हणून टाकी प्लॅस्टिकची आहे या भीतीने ती सोडून उघड्या ओढ्याचे पाणी पिणे, किंवा ब्लीचिंग पावडर टाकणे थांबविणे, हा निव्वळ अविचार होईल. टाकी आय.एस. १२७०१ या मानकाची असावी, तिच्यावर छप्पर असावे आणि ती वेळोवेळी धुवावी, एवढे पुरे.

शेतावर पाणी नेण्यास स्टीलची कळशी उत्तम. बांधावरील झाडाखाली मातीचा डेरा पुरून ठेवल्यास त्याहून बरे, पाणी गारही राहते. दिवसभर उन्हात पडलेल्या पाईपातील पहिले तापलेले पाणी झाडांना सोडावे व गार पाणी येऊ लागल्यावर भांडे भरावे. पारदर्शक मऊ नळीने पिण्याचे पाणी काढू नये.

जुन्या पी.व्ही.सी. नळाबद्दल शंका असेल तेथे ग्रामसेवकांनी पाण्याचे दोन नमुने घ्यावेत: पहिला पहाटे, रात्रभर नळात थांबलेल्या पाण्याचा, दुसरा नळ पाच मिनिटे वाहू दिल्यानंतरचा. बाटल्यांवर वेळ लिहावी आणि प्रयोगशाळेस शिशाची तपासणी हवी असे अर्जात स्पष्ट नमूद करावे. पहिल्या नमुन्यात शिसे अधिक व दुसऱ्यात कमी आढळले, तर दोष विहिरीचा नसून नळाचा आहे असे समजावे. नळ बदलेपर्यंत पहाटेचे पहिले पाणी धुण्याभांड्यास वापरावे.