दोन टनांची गल्लत

“दहा टनांचा एसी गच्चीवर चढवायचाय, बारा टनी हायड्रा पाठवा.” एप्रिल-मे महिन्यांत लातूर किंवा नांदेडच्या क्रेनवाल्याला असा फोन येणं नवलाचं नाही. दवाखाना असो, मंगल कार्यालय असो की शिकवणीची इमारत, घाई सगळ्यांनाच असते. हिशोबही सरळ वाटतो, दहा उचलायला बारा पुरेत. प्रत्यक्षात या वाक्यातले दोन्ही टन फसवे आहेत.

एसीचा टन बर्फाचा आहे. यंत्रं येण्याआधी गारवा लाद्यांनी विकला जायचा. बोस्टनकडच्या गोठलेल्या तळ्यांतला बर्फ १८३३ साली ‘टस्कनी’ नावाच्या जहाजातून थेट कोलकात्याला उतरला होता! पुढे यंत्रं आली, तरी माप बर्फाचंच राहिलं. दोन हजार पौंड, म्हणजे ९०७ किलो बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो, तेवढी काढून टाकणारं यंत्र एक टनाचं. आजच्या हिशोबात साडेतीन किलोवॉट. त्यामुळे दहा टनी युनिट काट्यावर ठेवलं तर साधारण अर्धा टन भरतं आणि शंभर टनी चिलर चार-पाच टनांच्या आसपास. खरं वजन कंपनीच्या कागदात किलोंमध्ये दिलेलं असतं. ते वाचल्याशिवाय क्रेन मागवू नये.

क्रेनचा टन याहून लबाड. हायड्रा हे मूळचं एस्कॉर्ट्स कंपनीच्या क्रेनचं नाव, वनस्पती तुपाला डालडा म्हणावं तसं ते सगळ्या जातीला चिकटलं. तिच्यावर रंगवलेले बारा टन खरे असतात, पण बूम आखूड आणि भार अगदी पुढ्यात असेल तेव्हाच. ज्यांनी बैलगाडी उलाळ होताना पाहिली आहे त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. मागच्या टोकाला दोन पोती जास्त पडली की धुरा वर उठतो. इथे वजनाइतकंच अंतरही बोलतं. सहाशे किलोंचं युनिट नऊ मीटरवर धरलं तर क्रेनला उलथवणारा जोर ५.४ टन-मीटर. तेच गच्चीच्या पलीकडच्या कोपऱ्यात, चौदा मीटरवर नेलं तर ८.४. वजनात एका किलोची भर नाही, जोर मात्र दीडपट. शिवाय भार उचलला की बूम किंचित वाकते, टायर दबतात आणि अंतर आणखी वाढतं. म्हणून प्रत्येक क्रेनसोबत कोष्टक असतं, कुठल्या अंतरावर किती उचलायचं ते सांगणारं. आकड्याच्या वजनासकट सगळं त्यातच बसवायचं. तीन मजल्यांच्या वर तर हायड्राचा हट्ट सोडून पाय रोवणारी ट्रकवरची क्रेनच बोलवावी.

पाय कुठे रोवायचे, हा मराठवाड्यातला खास प्रश्न. इथली काळी माती उन्हाळ्यात दगडासारखी टणक दिसते, पण तिच्या पोटात भेगा असतात. पाऊस पडला की तीच फुगते आणि मऊ होते. भार एका कोपऱ्याकडे वळला की एकाच पायावर वीस टन येऊ शकतात. तो पाय चाळीस सेंटिमीटर चौरस असेल तर जमिनीवर दर चौरस मीटरला सव्वाशे टनांचा दाब! खाली सव्वा मीटर चौरस स्लीपरांचं जाड अंथरूण टाकलं की हाच दाब तेरा टनांच्या खाली येतो. जुन्या वस्तीत आणखी एक सापळा असतो, रस्त्याच्या कडेची झाकलेली नाली नाहीतर शौचालयाची टाकी. ती कुठे आहे हे क्रेनवाल्याला कळायचा मार्ग नाही, घरमालकानेच दाखवावी.

आणि वारा. एसी बसवण्याचा हंगाम आणि वळवाचा हंगाम एकच, हे आपल्या भागाचं दुर्दैव. दुपारी पान हलत नाही, चारला धुळीचा लोट येतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. चार चौरस मीटर पत्र्याच्या खोक्यावर ताशी ३६ किलोमीटरचा वारा पंचवीस-तीस किलोंनी ढकलतो, ताशी ७२ चा शंभरहून अधिक. तेही लटकत्या अवस्थेत. अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात १४ जुलै १९९९ रोजी ‘बिग ब्लू’ ही अजस्र क्रेन स्टेडियमच्या छताचा चारशे टनांहून जड तुकडा उचलताना कोसळली आणि तीन कामगार गेले. उचललेल्या तुकड्यावर वारा किती जोर लावील, हे गणितात धरलेलंच नव्हतं. आपलं खोकं लहान, नियम तोच. त्यामुळे हे काम सकाळीच उरकावं. भाराला दोन्ही बाजूंनी दोऱ्या बांधून माणसं उभी करावीत, भाराखाली मात्र कुणीही नको.

भार बांधायच्या बेल्टचा कोनही पाहावा. दोन पदरी बेल्ट जमिनीशी साठ अंशांत असेल तर एक टनाच्या भाराला प्रत्येक पदरावर ५७७ किलो ताण येतो. आखूड बेल्ट ओढूनताणून तीस अंशांवर बांधला की प्रत्येकावर अख्खा टन. जवळून महावितरणची ११ हजार व्होल्टची लाइन जात असेल तर आधी ती बंद करून घ्यावी. बूम तारेला लागलीच, तर चालकाने केबिन सोडू नये आणि इतरांनी क्रेनला हात लावू नये.

एवढं करून युनिट वर पोचलं, तरी छताचं काय? माणसांची ये-जा असलेल्या गच्चीसाठी भारतीय मानक चौरस मीटरला साधारण दीडशे किलो भार धरतं. अर्धा टन चार छोट्या पायांवर स्लॅबच्या मधोमध ठेवणं म्हणजे त्या हिशोबाची थट्टाच. पाय तुळयांवर किंवा खांबांच्या डोक्यावर यायला हवेत, मध्ये लोखंडी चौकट घालून. डोक्यावरच्या वजनाचा अर्थ लातूर जिल्ह्याला कुणी शिकवायला नको. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, तीन छप्पन्नला, किल्लारीत ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला. जवळजवळ आठ हजार माणसं गेली, ती बहुतेक दगडमातीच्या भिंती आणि मातीच्या जाड माळवदांखाली. तेव्हा हा प्रदेश नकाशावर सगळ्यात कमी धोक्याच्या पहिल्या विभागात होता. २००२ च्या मानकात तो विभागच रद्द झाला आणि किल्लारी तिसऱ्यात गेली. तेव्हा स्प्रिंगवर नुसतं बसवलेलं युनिट पुरत नाही. धक्क्यात ते उडी मारून सरकू नये म्हणून अडसरही लागतो.

माझ्या मते खरी काळजी पुढच्या वर्षांची आहे. चढवायच्या दिवशी गल्लीभर माणसं बघायला असतात. दुरुस्तीच्या दुपारी, पारा चव्वेचाळीसवर असताना, गच्चीवर एकटा कारागीर असतो. युनिट कठड्याला खेटून बसवलेलं असलं, तर पत्रा काढायला तो कठड्यावरच चढतो. म्हणून बसवतानाच भोवती मीटरभर जागा सोडावी, आणि दुरुस्तीच्या वेळी मेन स्विचला कुलूप लावून किल्ली त्याच्याच खिशात असावी. जळालेला कॉम्प्रेसर दोर लावून कठड्यावरून सोडण्याचा मोह सगळ्यांना होतो, क्रेनचं भाडं वाचतं ना! कारखान्यांतल्या क्रेन, साखळ्या आणि दोर दर बारा महिन्यांनी सक्षम व्यक्तीकडून तपासून घेणं १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम २९ ने सक्तीचं केलं होतं. गच्चीवरच्या त्या दोराचा जन्म कधीचा, हे कुणालाच ठाऊक नसतं.

क्रेनच्या कामावर ‘आर्या’ असा पुकारा ऐकू येतो, म्हणजे खाली सोड. पोर्तुगीज ‘अरिआर’ म्हणजे खाली सोडणे. जहाजावरच्या खलाशांच्या तोंडून तो समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत आला, आणि भार बांधणाऱ्यांना आपण अजून खलाशीच म्हणतो. पुकारा एकानेच करायचा, “थांब” मात्र कुणीही ओरडलं तरी चालकाने थांबायचं. शेवटचा आर्या होतो, बेल्ट ढिले पडतात. आकडा तरीही काढत नाहीत. कुणीतरी वाकून चारही पाय तुळईवर टेकलेत का ते पाहतं, बोल्ट आवळतं, आणि मगच हात वर करतं.