वापर असेल तर वाडा टिकेल

मुंबई–पुणे द्रुतगती मार्गाने जाणाऱ्यांना उर्से ठाऊक असतं ते टोलनाक्यामुळे. 2002 मध्ये हा रस्ता पूर्ण झाला आणि भातखाचरांच्या मावळात जमिनीला कारखान्यांचा भाव आला. मावळातल्या कार्ले, भाजे, बेडसे लेण्यांना आणि लोहगडाला केंद्रीय पुरातत्त्व खात्याचं संरक्षण आहे. लोहगड तर 2025 मध्ये जागतिक वारसा यादीत गेला. गावोगावच्या वाड्याला, चावडीला, बारवेला, देवळाच्या लाकडी सभामंडपाला मात्र सहसा कुठल्याच यादीत जागा नसते. त्यांचं भवितव्य गावातच ठरतं, आणि तिथे पहिला प्रश्न येतो: ही जागा गावाच्या काय उपयोगाची? प्रश्न रास्त आहे. जुन्या वास्तूंच्या बाजूने बोलणाऱ्यांनी तो टाळू नये. खेड्यातली वास्तू वाचवायची तर आधी तिला काम द्यायला हवं. वाचनालय, अंगणवाडी, बचत गटाची बैठक, काहीही चालेल. रोज कुणी आत वावरलं की गळकं कौल त्याच आठवड्यात दिसतं. कुलूप लागलेल्या वाड्यात ते वासा कुजल्यावर कळतं.

पुण्याचा विश्रामबागवाडा याची साक्ष देतो. दुसऱ्या बाजीरावाच्या या वाड्यात 1821 मध्ये संस्कृत पाठशाळा सुरू झाली. पुढे हायस्कूल आलं, नगरपालिकेची कचेरी आली, टपाल कार्यालय आलं. 1879 च्या आगीत दर्शनी भाग जळाला, तरी तो पुन्हा उभारला गेला. तिथे लोकांची रोजची ये-जा नसती तर एवढा खटाटोप कुणी केला असता, असं मला वाटत नाही. मावळातच इंद्रायणीकाठी इंदुरीला सरसेनापती दाभाड्यांची गढी आहे. तिचा भव्य दरवाजा उभा आहे आणि आतलं कडजाईचं देऊळ नांदतं आहे, कारण देवीकडे माणसं येतात. गढीतल्या बाकीच्या वास्तूंना असं कुणी उरलं नाही.

यावर आक्षेप येतो की वापरानेच वास्तूची नासाडी होते. त्याला आधार आहे. खेड तालुक्यातल्या वाफगावचा भुईकोट किल्ला हे यशवंतराव होळकरांचं जन्मस्थान. तिथे अनेक दशकं रयत शिक्षण संस्थेची शाळा भरली. पुढे शाळा दुसरीकडे न्यावी आणि किल्ल्याचं जतन व्हावं, अशी मागणी पुढे आली. ती योग्यच होती. शेकडो मुलांची शाळा वाढत जाते, आणि तिला लागणाऱ्या खोल्या, संडास, मैदान किल्ल्याच्या पोटात बसत नाही. पण एवढ्या वर्षांत त्या भिंतींकडे गावाचं लक्ष राहिलं, हेही त्या शाळेच्या खात्यावर जमा धरायला हवं. वास्तूला झेपेल तेवढाच वापर ठेवायचा आणि तिच्या अंगात काय भरायचं हे ठरवून घ्यायचं, एवढाच यातून धडा निघतो.

दुसरा आक्षेप खर्चाचा: डागडुजीपेक्षा पाडून स्लॅब टाकणं स्वस्त. इथे खरा घात सिमेंट करतं. जुनी भिंत चुन्याची असते. कळीचा चुना भिजवून, वाळू आणि विटांच्या सुरखीसह घाणीत मळलेला, काही ठिकाणी गुळाचं आणि बेलफळाचं पाणी घातलेला. अशी भिंत पावसाळ्यात ओल घेते आणि नंतर सोडते. दरजांत सिमेंट भरलं की ओल बारीक भेगांतून आत शिरते, पण बाहेर पडायला वाट राहत नाही. मग सिमेंट शाबूत राहतं आणि त्याच्या शेजारच्या विटेचे पोपडे सुटतात. काही वर्षांनी लोक म्हणतात, दुरुस्ती करूनही टिकलं नाही, आता पाडाच. चुन्याचं काम सावकाश होतं, त्याला हाताचे कारागीर लागतात, हे खरं. पण ती मजुरी गावातच राहू शकते. चार पोरं शिकली तर पंचक्रोशीतल्या देवळांनाही उपयोगी पडतील.

पैशाचं म्हणाल तर उर्सेच्या परिसरात कारखाने आहेत. 2013 च्या कंपनी कायद्यानुसार ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांनी मागच्या 3 वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्यातले 2 टक्के सामाजिक कामावर खर्च करायचे असतात. त्याच कायद्याच्या सातव्या अनुसूचीत ऐतिहासिक इमारतींची दुरुस्ती आणि सार्वजनिक वाचनालयं एकाच बाबीत येतात. जुन्या वाड्यात वाचनालय, हा प्रस्ताव त्यात नेमका बसतो. मावळातल्या ग्रामपंचायतींनी आपल्या हद्दीतल्या जुन्या वास्तूंची नोंद ग्रामसभेत करून घ्यावी, प्रत्येकीपुढे तिचा वापर लिहावा, आणि तो ठराव घेऊन कंपन्यांच्या दारी जावं. पाडण्याचा ठराव येण्याआधी हे व्हायला हवं.