पुण्याचा ‘इंडस’ गेम: एक नियम बदलला, तेवढा बघा

बोर्डीच्या बॅचमध्ये चहाचा ब्रेक झाला की निम्मी मंडळी मोबाइल आडवा धरून बसतात. मग आज हिशेबाची वही बाजूला ठेवू आणि एका शूटर गेमचा रिव्ह्यू करू. नाव ‘इंडस’. पुण्याच्या सुपरगेमिंग कंपनीने बनवलाय, ऑक्टोबर 2024 मध्ये आला. ‘मास्कगन’ही त्यांचाच.

प्रकार बॅटल रॉयल. रिकाम्या हाताने उतरायचं, धावत बंदूक शोधायची, आकसत जाणाऱ्या वर्तुळात टिकायचं. वेग भरपूर. दिसायला तर झकास! जुनी भारतीय नक्षी आणि उद्याचं तंत्रज्ञान एकत्र केलंय. पण खरं सांगू? नक्षीचं कौतुक दोन दिवस. तिसऱ्या दिवशी खेळणारा एवढंच बघतो की बंदूक हातात कशी चालते.

आता बाजार बघा. सप्टेंबर 2020 मध्ये पबजी मोबाइलवर बंदी आली, 2021 मध्ये तो बीजीएमआय नावाने परतला. म्हणजे गिऱ्हाईक आधीच दुसऱ्याच्या दुकानात बसलेलं. अशा वेळी इंडसने एक नियम बदलला. इतर ठिकाणी शेवटी जिवंत उरतो तो जिंकतो. इथे शेवटच्या टप्प्यात ‘कॉस्मियम’ येतं. ते ताब्यात घेतलं की बाकीचे जिवंत असले तरी डाव तुमचा. गवतात लपून बसणाऱ्याला बाहेर यावंच लागतं. मला या गेममध्ये सगळ्यात आवडलं ते हेच.

तुमच्याकडे घोलवडच्या चिकूला जीआय मानांकन आहे. त्याने गिऱ्हाईक थांबतं, पाकीट हातात घेतं. पण शेजारच्या टेबलावरही चिकू चिप्सच आहेत, आणि लेबलवर तेच ‘घरगुती, शुद्ध’. होमस्टेवाल्यांनो, तुमचंही तेच. चेक-आउट सकाळी आणि पाहुण्याची परतीची गाडी संध्याकाळी असेल, तर पोरंबाळं ओल्या कपड्यांनी, बॅगा घेऊन सुरूच्या बनात बसणार. बॅगा ठेवायला एक कुलपाची खोली आणि आंघोळीला एक बाथरूम संध्याकाळपर्यंत खुलं ठेवलंत तर? नवा रंग, नवा बोर्ड काही नको. किती पाणी लागेल, साफसफाईला किती द्यावे लागतील, तेवढं आधी मांडा.

एका बाबतीत मात्र इंडसची नक्कल नको. गेम फुकट मिळतो. कमाई आतल्या दुकानातल्या सजावटीच्या वस्तूंवर. त्यांना ते परवडतं, कारण आणखी एक खेळाडू वाढला तर खर्च नावापुरताच वाढतो. तुमच्या प्रत्येक फुकट पाकिटात चिकू, गॅस, पॅकिंग आणि घरच्यांची मेहनत जाते. चव घ्यायला दोन चकत्या द्या, पाकीट नको.

खेळणार असाल तर इअरफोन लावा, पावलांचा आवाज कुठून येतो ते कळतं. आणि धंद्याचं यूपीआय ज्या मोबाइलवर आहे, तो पोरांच्या हातात देऊ नका.