तिसऱ्या-कालवांतले विष ओळखणारी पट्टी



तिसऱ्या, कालवे पाणी गाळून त्यातले सूक्ष्म शेवाळ खातात. काही शेवाळ विषारी असते. ते विष मांसात साठते. वास-चवीवरून कळत नाही, अन् शिजवूनही जात नाही. केरळात विळिंजमला १९९७ साली अशा शिंपल्यांनी माणसे दगावली.

जुनी रीत उंदराला अर्क टोचून बघण्याची. आता जैवसंवेदक निघालाय. त्याच्या पट्टीवर प्रतिपिंडे असतात. अर्कातले विष नेमके त्यांनाच चिकटते, विजेचा प्रवाह बदलतो, यंत्र आकडा दाखवते. पक्षाघाती विषाची अनेक देशांतली मर्यादा किलोमागे ८०० मायक्रोग्रॅम आहे.

पट्टी नसेल तर? पाणी तांबडे-तपकिरी दिसले की शिंपले काढूच नका. स्वच्छ दिसले म्हणून निर्धास्तही राहू नका. खाल्ल्यावर ओठ, बोटे बधिर झाली तर ताबडतोब दवाखाना गाठा.