श्रवणदोष : स्वरूप, परीक्षा आणि साहाय्य

काठी टेकीत चालणाऱ्या अंध मनुष्यास पाहून लोक आपण होऊन वाट देतात. बहिरेपण डोळ्यांना दिसत नाही. म्हणून बहिऱ्या मनुष्याविषयी सहानुभूती वाटण्याऐवजी त्याचा राग येतो, किंवा त्याला हसण्यात येते. प्रहसनांतील बहिरा सासरा हा तर प्रेक्षकांच्या करमणुकीचा हमखास विषय होय. प्रत्यक्षात हे वैगुण्य फार मोठ्या समाजाला ग्रासून आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ सालच्या अहवालानुसार जगातील १५० कोटींहून अधिक लोकांची श्रवणशक्ती कमी-अधिक प्रमाणात उणावलेली असून त्यांपैकी सुमारे ४३ कोटी लोकांना उपचारांची व साहाय्याची गरज आहे.

या दोषाचे स्वरूप समजण्यासाठी प्रथम कानाची रचना पाहिली पाहिजे. ध्वनी म्हणजे हवेतील कंपने. ती कानाच्या नळीतून पडद्यावर आदळतात व पडदा कंप पावू लागतो. पडद्यामागील पोकळीत तीन इवल्याशा हाडांची साखळी असते. आकारावरून त्यांना हातोडा, ऐरण व रिकीब अशी नावे पडली आहेत. रिकीब जेमतेम ३ मिलिमीटर लांबीची, मानवी शरीरातील सर्वांत लहान हाड आहे. ही साखळी हवीच कशाला, असा प्रश्न साहजिकच मनात येतो. आतला कान द्रवाने भरलेला असतो आणि हवेतून आलेला ध्वनी द्रवाच्या पृष्ठभागावर पडला तर जवळजवळ सगळाच परत फिरतो. विहिरीत बुडी मारलेल्या मुलाला काठावरची हाक नीट ऐकू येत नाही, ती याच कारणामुळे. पडद्याचे क्षेत्रफळ रिकिबीच्या तळापेक्षा सुमारे १७ पट मोठे असल्यामुळे पडद्यावरील दाब लहानशा जागेत एकवटतो आणि आतील द्रव हलविण्याइतका जोर त्यात येतो.

आतील कानात गोगलगाईच्या शंखासारखी, सुमारे अडीच वेढ्यांची एक नलिका आहे. तिच्यातील पातळ पटलावर केसांसारखे तंतू असलेल्या हजारो सूक्ष्म पेशी रांगेने मांडलेल्या असतात. उंच पट्टीच्या स्वराने नलिकेच्या मुखाजवळचा भाग अधिक हलतो, खर्जाच्या स्वराने टोकाकडचा. मृतांच्या कानांवर सूक्ष्मदर्शकाखाली प्रयोग करून गेऑर्ग फॉन बेकेशी यांनी ही गोष्ट दाखवून दिली व त्याबद्दल त्यांना १९६१ साली नोबेल पारितोषिक मिळाले. या पेशी कंपनांचे विद्युत्-संदेशांत रूपांतर करून ते मज्जातंतूंवाटे मेंदूकडे धाडतात. एकदा नष्ट झालेली अशी पेशी मनुष्याच्या कानात पुन्हा उगवत नाही. कोंबडीच्या कानात ती उगवते. मनुष्याला मात्र निसर्गाने ही सवलत दिलेली नाही.

यावरून श्रवणदोषाचे दोन मुख्य प्रकार सहज ध्यानात येतील. ध्वनी आतील कानापर्यंत पोहोचतच नाही, हा पहिला. नळीत मळ साचून दडा बसणे, पडद्याला भोक पडणे, कान वाहणे, रिकीब आपल्या जागी घट्ट होऊन बसणे ही त्याची कारणे असून त्यांपैकी बहुतेकांवर औषधाने किंवा शस्त्रक्रियेने इलाज होतो. दुसऱ्या प्रकारात आतील पेशी किंवा मज्जातंतू निकामी झालेले असतात. तेथे गेलेले श्रवण सहसा परत येत नाही. दोहोंतील भेद ओळखण्याची एक साधी परीक्षा १८५५ साली रिने या जर्मन वैद्याने सांगितली व ती आजही वापरात आहे. नादकाटा वाजवून त्याची दांडी कानामागील हाडावर टेकवावयाची व मग काटा कानासमोर धरावयाचा. निरोगी मनुष्याला कानासमोरचा नाद अधिक मोठा वाटतो. नळीत, पडद्यात किंवा हाडांच्या साखळीत दोष असल्यास हाडावरचा. नेमके मोजमाप करण्यासाठी मात्र श्रवणमापक यंत्र लागते. निरनिराळ्या पट्ट्यांचे स्वर ऐकवून प्रत्येक स्वर किती डेसिबलपासून ऐकू येतो याचा आलेख त्याने काढतात.

वार्धक्यातील बहिरेपणाबाबत घरोघर एक गैरसमज आढळतो. ‘आजोबांना हवे तेव्हा बरोबर ऐकू येते,’ असे म्हटले जाते. वयोमानाने उंच पट्टीच्या पेशी प्रथम झिजतात. आ, ओ यांसारखे स्वर खालच्या पट्टीचे व जोरदार असतात. स, फ, त, ख यांसारखी व्यंजने उंच पट्टीची व क्षीण असतात. त्यामुळे साठ, ताट, पाट, खाट व काठ या पाचही शब्दांतला ‘आ’ तेवढा स्पष्ट कानी पडतो आणि शब्द कोणता हे कळत नाही. आवाज ऐकू येतो, अर्थ लागत नाही. भोवताली गलका असला की अडचण दुणावते. शिवाय अशा कानाला मोठा आवाज एकाएकी असह्य होतो. ‘जरा मोठ्याने बोला’ म्हणणारा वृद्ध दुसऱ्याच क्षणी ‘ओरडता कशाला?’ म्हणतो, तो हेकटपणाने नव्हे.

तरुण वयात हीच झीज गोंगाटाने होते. ग्लासगो येथील बॉयलर बांधणाऱ्या कामगारांचे बहिरेपण टॉमस बार या वैद्याने १८८६ साली तपासले होते. कापडगिरण्यांच्या विणखात्यांतही हा रोग जुनाच. ८५ डेसिबलचा आवाज रोज आठ तास कानी पडत राहिला तर धोका सुरू होतो, आणि आवाज दर ३ डेसिबलने वाढला की सुरक्षित काळ निम्मा होतो. मिरवणुकीतील ध्वनिवर्धकांच्या भिंतीसमोर कानठळ्या बसतात, नंतर तासन् तास कानात गुणगुण चालू राहते. ही गुणगुण म्हणजे कानाला इजा झाल्याची खूण आहे. कानात बसवून संगीत ऐकण्याच्या साधनांनाही हाच नियम लागू पडतो. स्ट्रेप्टोमायसिन, जेंटामायसिन यांसारखी काही जीवरक्षक औषधेही आतील पेशींना अपाय करतात. ती वैद्याच्या देखरेखीखालीच घ्यावी लागतात.

कानाच्या बाबतीत घरगुती उपाय बहुधा नडतात. कानकोरण्याने किंवा काडीने मळ आणखी आत ढकलला जातो, प्रसंगी पडदाही फाटतो. वाहत्या कानात कोमट तेल घालणे तर सर्वथा वर्ज्य समजावे. एका कानाचे श्रवण एक-दोन दिवसांत अचानक गेले तर वाट न पाहता कानाच्या तज्ज्ञाकडे जावे. उपचारांचा उपयोग होण्याचा काळ थोड्या दिवसांचाच असतो.

तथापि सर्वांत मोठी हानी होते ती जन्मतः बहिऱ्या असलेल्या बालकाची. मूल भाषा शिकते ते ऐकून, आणि मेंदूची ती ग्रहणशक्ती पहिल्या काही वर्षांत सर्वाधिक असते. बहिरे मूलही पहिले काही महिने हुंकार देते, हसते, आईकडे पाहते. म्हणून शंका येत नाही. आली तर थाळी वाजवून पाहतात. मूल दचकले की सर्वांचा जीव भांड्यात पडतो. थाळीचा आवाज बोलण्याहून कितीतरी मोठा असतो व मध्यम बहिऱ्या मुलालाही तो ऐकू येतो, हे कोणाच्या ध्यानी येत नाही. मग ‘याचे वडीलही उशिराच बोलू लागले’ असे समाधान करून घेऊन दोन-तीन वर्षे दवडली जातात. वास्तविक निजलेल्या अर्भकाच्या कानाची तपासणी यंत्राने काही मिनिटांत, त्याला काहीही इजा न होता करता येते. पहिल्या महिन्यात ही तपासणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान आणि सहाव्यापर्यंत उपचारांना आरंभ, असा क्रम तज्ज्ञांनी घालून दिला आहे. गर्भारपणी मातेला झालेला रुबेला, जन्मवेळी प्राणवायूची कमतरता, तीव्र कावीळ किंवा कुळात बहिरेपण असल्यास तपासणी मुळीच टाळू नये. गोवर-रुबेलाची लस भारतात २०१७ पासून सरकारी लसीकरणात आलेली आहे.

साहाय्य कोठे मिळते? जिल्हा रुग्णालयात किंवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या कान-नाक-घसा विभागात प्रथम दाखवावे. म्हैसूरची अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्था (स्थापना १९६५) आणि मुंबईत वांद्रे येथील अली यावर जंग राष्ट्रीय संस्था (१९८३) या देशातील प्रमुख संस्था होत. ठराविक उत्पन्नमर्यादेतील कुटुंबांना केंद्र सरकारच्या ‘एडिप’ योजनेतून श्रवणयंत्र मिळू शकते. ज्यांना श्रवणयंत्राचाही उपयोग होत नाही अशा मुलांच्या आतील कानात विद्युदग्रे बसविण्याची शस्त्रक्रिया करतात. ती जितक्या लहान वयात होईल तितकी फलदायी. पण तीनंतर बोलणे शिकविण्याचे काम वर्षानुवर्षे चालवावे लागते, आणि ते न केल्यास शस्त्रक्रिया वाया जाते.

खुणांची भाषा शिकविल्यास मूल बोलावयाचे राहील, ही भीती जुनी आहे. १८८० साली मिलान येथील परिषदेने शाळांतून खुणांची भाषा हद्दपार केली. त्या ठरावाबद्दल २०१० साली व्हँकुव्हर येथील परिषदेने खेद प्रकट केला. भारतीय सांकेतिक भाषेला स्वतःचे व्याकरण आहे व तिच्यासाठी नवी दिल्ली येथे २०१५ साली स्वतंत्र केंद्र स्थापन झाले. मुलाला कोणतीच भाषा न मिळणे यापरते नुकसान नाही.

श्रवणयंत्राविषयी एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. चष्मा लावताच दिसू लागते, तसे येथे होत नाही. कित्येक महिने न ऐकलेली पंख्याची घरघर, भांड्यांचा खणखणाट एकदम अंगावर येतो व यंत्र पेटीत जाऊन पडते. प्रथम शांत खोलीत एकाच माणसाशी बोलताना ते रोज थोडा वेळ वापरावे. चार-सहा आठवड्यांत मेंदू सरावतो. घरच्यांनी समोर बसून, उजेड आपल्या तोंडावर पडेल अशा बेताने, सावकाश बोलावे. वाक्य समजले नाही तर तेच पुन्हा ओरडून न सांगता निराळ्या शब्दांत सांगावे.