बाकावरून दिसलेले साहेब

निवेदन घेऊन गेलेल्या माणसाजवळ एक गोष्ट भरपूर असते: वेळ. पीए म्हणतो, ‘बसा, साहेब मीटिंगमध्ये आहेत,’ आणि आपण बसतो. हातातला कागद एव्हाना तोंडपाठ झालेला असतो. मोबाइलची बॅटरी परतीच्या गाडीसाठी राखायची असते. मग डोळे आपोआप भिंतीवर, टेबलावर, खुर्च्यांवर फिरायला लागतात.

आमच्या धाकटी डहाणूच्या मच्छीमारांची निवेदनं लिहायचं काम माझ्याकडे आलं, ते अक्षर बरं म्हणून. डिझेलचा परतावा, खाडीतला गाळ, जेट्टी, जून-जुलैच्या मासेमारीबंदीतली मदत. सरकारं बदलली, साहेब बदलले, विषय मात्र बरेचसे तेच राहिले. डहाणूची नगर परिषद, तलासरीची पक्ष कार्यालयं, पालघरचं जिल्हा मुख्यालय आणि अधूनमधून मुंबईचं मंत्रालय, अशा ठिकठिकाणच्या बाकांवर बसता बसता मला नाद लागला, साहेब भेटायच्या आधी त्यांची खोली वाचायचा.

या नादाला शास्त्राचा थोडा आधारही आहे. टेक्सास विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ सॅम गॉस्लिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. ९४ लोकांची ऑफिसं आणि ८३ लोकांच्या झोपायच्या खोल्या त्यांनी अनोळखी माणसांना दाखवल्या. खोलीचा मालक समोर नाही, फक्त खोली. तेवढ्यावरून त्याचा स्वभाव सांगायचा. नव्या विचारांना माणूस किती मोकळा आहे, हे लोकांनी बऱ्यापैकी ओळखलं. शिस्त आणि बोलघेवडेपणा थोडाफार ओळखता आला. पण तो मायाळू आहे की तुसडा, हे ऑफिस बघून जवळजवळ कुणालाच सांगता आलं नाही. हे शेवटचं लक्षात ठेवा, पुढे लागेल.

गॉस्लिंग खोलीतल्या वस्तूंचे दोन मोठे गट करतात. एक, माणूस मुद्दाम मांडतो त्या वस्तू: तसबिरी, मानचिन्हं, झेंडे. दुसरा, रोजच्या वागण्यातून आपोआप मागे उरतं ते: कागदांचे ढीग, चहाच्या कपाचे डाग, खुणा केलेलं कॅलेंडर. राजकारण्यांच्या बाबतीत हा फरक फार कामाचा आहे, कारण त्यांचा पहिला गट आपल्यासाठीच सजवलेला असतो.

भिंतीपासून सुरुवात करू. शिवाजी महाराज, फुले, शाहू, आंबेडकर या तसबिरी जवळजवळ सगळीकडे असतात, त्यावरून स्वभाव कळत नाही. बघायचं ते खुर्चीच्या बरोबर मागे कोण आहे. फोटो काढताना साहेबांच्या डोक्यावर जो चेहरा येतो, त्याच्या नावावर साहेबांचं राजकारण चाललेलं असतं. २०२२ साली एकनाथ शिंदे मुख्यमंत्री झाले, तेव्हा त्यांच्या दालनात बाळासाहेब ठाकरे आणि आनंद दिघे यांच्या तसबिरी लागल्या. आपण कोणाचे वारस आहोत, हे त्यांना तोंडाने सांगावंच लागलं नाही. राष्ट्रवादी काँग्रेस फुटल्यावर तर शरद पवारांचा फोटो कोणी वापरायचा हा वाद थेट सर्वोच्च न्यायालयात गेला आणि मार्च २०२४ मध्ये न्यायालयाने अजित पवारांच्या गटाला तो न वापरण्याची हमी द्यायला सांगितलं. एका फोटोची किंमत एवढी असते. आमच्याकडेही पक्षांतर झालं की आधी फ्रेम उतरते. खिळा तसाच राहतो आणि भिंतीवर फिकट चौकोन दिसतो. नव्या साहेबांचा फोटो जुन्याहून लहान असेल, तर तो चौकोन झाकतही नाही.

तलासरीत लाल बावट्याच्या, म्हणजे मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाच्या, कार्यालयात गेलं की हे गणित बदलतं. तिथली भिंत पक्षाची आणि चळवळीची. २३ मे १९४५ रोजी झरी गावात वारली आदिवासींची परिषद भरली. गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या साथीने वेठबिगारी आणि लग्नगडी (लग्नाच्या कर्जापायी राबवून घेणं) या प्रथांविरुद्ध लोक उभे राहिले. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला तलवाड्याला गोळीबार झाला आणि जेठ्या गांगड हुतात्मा झाले. हा इतिहास ज्या कार्यालयाच्या पाठीशी आहे, तिथे आत्ता खुर्चीवर बसलेला माणूस कसा आहे हे भिंत सांगत नाही, सांगणारही नाही. खुर्ची संघटनेची, आज हा बसलाय, उद्या दुसरा. अशा ठिकाणी सजावट वाचून स्वभाव सांगणाऱ्याने गप्प बसावं.

आता वारली चित्र. आमच्या तालुक्यातल्या गंजाडच्या जिव्या सोमा म्हशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. त्याच्या कितीतरी आधी, सत्तरच्या दशकापासून, त्यांची कला कागदावर उतरून जगभर पोचली होती. मूळची ती लग्नघरातली. गेरूने सारवलेल्या कुडावर तांदळाच्या पिठाने सुवासिनी चौक लिहितात, मध्ये पालघट देवी बसते, आणि त्याशिवाय लग्न लागत नाही. आज पालघर जिल्ह्यात वारली फ्रेम नसलेलं पुढाऱ्याचं ऑफिस शोधावं लागेल. त्यामुळे ती फ्रेम असणं म्हणजे काहीच नाही. मी एकदा एका पुढाऱ्यांना सहज विचारलं, “साहेब, यातला तारपेवाला कुठला हो?” त्यांनी मान वळवून चित्राकडे पाहिलं, बहुधा पहिल्यांदाच, आणि पीएला हाक मारली. दुसऱ्या एका ताईंना विचारलं, तर त्या उठून फ्रेमपाशी आल्या. मधला, तारपा हे वाद्य फुंकणारा माणूस दाखवला, त्याच्याभोवती गोल फिरणारी रांग दाखवली आणि म्हणाल्या, “हे लग्नातलं नाही, नाचाचं आहे.” चित्र दोघांकडे सारखंच होतं.

म्हणून मी भिंतीवर फार वेळ घालवत नाही. मला टेबल बघायचं असतं, आणि त्यातही टेबलावरची काच. आपल्याकडच्या पुढाऱ्याचं खरं दप्तर त्या काचेखाली असतं. व्हिजिटिंग कार्डं, कुलदैवताचा फोटो, शाळेच्या गणवेशातल्या लेकीचा पासपोर्ट साइज फोटो, डहाणू लोकलचं वेळापत्रक. आमच्या भागातल्या एका जुन्या कार्यकर्त्याच्या काचेखाली मी भरती-ओहोटीचं कोष्टक पाहिलं आहे, पेनाने रेघा मारलेलं. मच्छीमारांना भेटीची वेळ देताना तो माणूस त्यावर बोट ठेवायचा. ओहोटीला होडी खाडीत अडकते, मग माणसं यायची कशी, एवढं त्याला कळत होतं. ते कोष्टक कुणाला दाखवण्यासाठी नव्हतं. आमच्या बाजूने आम्हाला ते उलटंच दिसायचं.

कालनिर्णयही बघावं. ते घरोघरी असतं, पण पुढाऱ्याच्या कालनिर्णयाच्या चौकोनात लिहिलेलं असतं: अमक्याकडे लग्न, तमक्याचं दहावं, फलाण्याची वास्तुशांत. काही ठिकाणी चौकोन कोरे आणि पानं चालू महिन्याच्या मागेच थांबलेली असतात. मग समजावं, हे ऑफिस उघडतं ते निवडणुकीपुरतं. काचेच्या कपाटातली मानचिन्हं मात्र फसवतात. ती जेवढी जास्त, तेवढे सत्कार जास्त झाले, इतकंच सिद्ध होतं. मच्छीमार संस्थेने भेट दिलेली लाकडी होडी मी एका कपाटात पाहिली होती. नाळ भिंतीकडे, मागची बाजू आमच्याकडे. ज्याने ठेवली, त्याला होडीचं पुढचं टोक कुठलं हे माहीत नव्हतं.

पुस्तकांचं काय? गॉस्लिंग यांच्या अभ्यासात पुस्तकं किती यापेक्षा ती किती तऱ्हेतऱ्हेची आहेत, हे अधिक बोलकं ठरलं. कराडला यशवंतराव चव्हाणांच्या ‘विरंगुळा’ या घरी त्यांचा ग्रंथसंग्रह जपला आहे. दादरच्या राजगृहात डॉ. आंबेडकरांनी घर बांधलं तेच पुस्तकांसाठी. अशा संग्रहांशेजारी सोनेरी कण्याचे एकाच मापाचे, न उघडलेले ग्रंथ ठेवले की काय कळायचं ते कळतं.

पण टेबलापेक्षाही मोठी गोष्ट म्हणजे टेबल आणि भेटायला आलेला माणूस यांच्यातलं अंतर. मुसोलिनीचं रोममधलं दालन प्रचंड होतं आणि त्याचं टेबल दाराच्या समोरच्या टोकाला. आलेल्याला तेवढं अंतर चालत जावं लागायचं, आणि तो पोचेपर्यंत मनाने निम्मा झालेला असायचा. अमेरिकेच्या अध्यक्षांचं ‘रेझोल्यूट’ टेबल व्हिक्टोरिया राणीने १८८० साली दिलेलं. त्याला पुढून फळी नव्हती. पोलिओमुळे पायांना लोखंडी पट्ट्या लावणारे रूझवेल्ट यांनी ते पाय दिसू नयेत म्हणून पुढे नक्षीची फळी बसवायला सांगितली. ती तयार होऊन बसली, तोवर १९४५ उजाडलं आणि ते वारले होते. प्रत्येक टेबल काहीतरी दाखवतं आणि काहीतरी झाकतं.

याच्या उलट सेवाग्राम. १९३६ पासून गांधीजी तिथे राहिले. बापू कुटीत टेबल-खुर्ची नाही. जमिनीवर बैठक, पाठीला टेकायला फळी. मातीच्या भिंतीवर मीराबेननी उठावाने ताडाची झाडं आणि मोर काढले आहेत. जवळच व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी थेट बोलता यावं म्हणून बसवून घेतलेला टेलिफोन आहे. साधेपणा हीसुद्धा मांडणीच होती, आणि ती विचारपूर्वक केलेली होती. भेटायला आलेला मोठा असो की लहान, खाली बसल्यावर उंची सारखी होते.

आमच्याकडे साहेबांच्या खुर्चीवर पांढरा टर्किश टॉवेल असतो, पाठ उंच असते, आणि समोर प्लास्टिकच्या खुर्च्या. हे इतकं रुळलंय की त्यात दोष काढण्यात अर्थ नाही. मी बघते ते वेगळंच. समोर खुर्च्या किती आहेत? शिष्टमंडळात बाराजण आले, तर आठजण उभे राहतात का? पिण्याच्या पाण्याचा जग बाकापाशी आहे की आत? दिवसभर थांबणाऱ्या बायकांसाठी संडास उघडा आहे की त्याला कुलूप आणि चावी शिपायाकडे? या गोष्टी उद्घाटनाच्या फोटोत येत नाहीत, त्यामुळे त्या मुद्दाम सजवलेल्याही नसतात.

भीतीसुद्धा खोलीत दिसते. मंत्रालयाच्या सहाव्या मजल्यावरचं ६०२ क्रमांकाचं दालन अपशकुनी मानलं जातं. तिथे बसलेले एकनाथ खडसे यांना २०१६ मध्ये राजीनामा द्यावा लागला. त्यांच्यानंतरचे पांडुरंग फुंडकर २०१८ मध्ये वारले. अनिल बोंडे २०१९ ची निवडणूक हरले. त्यानंतर प्रशस्त दालन असूनही मंत्री ते टाळत होते, अशी चर्चा होती. गावपातळीवर हेच वास्तूच्या नावाने चालतं. टेबल तिरकं, दार एका कोपऱ्यात, तोंड पूर्वेला. तिरक्या टेबलामागचा माणूस लोकांना घाबरत नाही, पुढच्या निवडणुकीला घाबरतो.

आता सुरुवातीला लक्षात ठेवायला सांगितलेली गोष्ट. माया आहे की नाही, हे ऑफिसवरून कळत नाही, आणि माझा बाकावरचा अनुभव त्याच्याशी जुळतो. खुर्च्या भरपूर, पाणी थंड, आणि काम शून्य, असे साहेब मी पाहिले आहेत. फायलींच्या ढिगाऱ्यात आमचा कागद नेमका हाताला लागून तिथल्या तिथे फोन लावणारेही पाहिले आहेत. खोलीवरून स्वभावाचा अंदाज बांधता येतो, काम होईल याची खात्री नाही.

तरी अंदाजाचा उपयोग होतो. टेबल चकचकीत रिकामं असेल, तर आमचं निवेदन एक पान, मुद्दे क्रमाने, मागणी शेवटी ठळक. मानचिन्हांचं कपाट असेल, तर आमच्या मच्छीमार सोसायटीची सगळी मंडळी बरोबर नेते आणि फोटो काढून घेते, कारण फोटो छापून आला की विषय त्यांच्याही लक्षात राहतो. काचेखाली खुणा केलेले कागद दिसले, तर नकाशा जोडते आणि गाळ कुठे साचला ते पेनाने दाखवते. आणि खोली कशीही असो, बाहेर पडताना आवक क्रमांक आणि शिक्क्यासह पोच घेते. सजावट पाहून भुलणारे भुलोत, सोसायटीच्या फाइलीला शिक्का लागतो.