गॅसचा वास गेला, म्हणजे गॅस गेला का?

परवा संध्याकाळी घरात पाऊल टाकलं आणि भस्सकन गॅसचा वास आला. शेगडीचं बटण अर्धवट सुरू होतं. आई मात्र तासभर तिथेच भाजी निवडत बसलेली, तिला काहीच जाणवलं नव्हतं! असं कसं?

मुळात सिलिंडरमधल्या गॅसला जवळपास वासच नसतो. गळती कळावी म्हणून त्यात इथाइल मरकॅप्टन मिसळतात. हवेच्या एक अब्ज रेणूंमागे त्याचा एखादा रेणू असला तरी आपल्या नाकाला पुरतो.

नाकात वरच्या बाजूला वास टिपणाऱ्या लाखो पेशी असतात. त्यांवर सुमारे ४०० प्रकारचे रिसेप्टर, म्हणजे कुलपंच समजा. किल्लीसारखा रेणू बसला की पेशी मेंदूकडे संदेश धाडते. एकाच प्रकारच्या हजारो पेशींचे संदेश मेंदूत ठरावीक ठिकाणी गोळा होतात, म्हणून कुजबुजसुद्धा ऐकू जाते. हे रिसेप्टर लिंडा बक आणि रिचर्ड अ‍ॅक्सेल यांनी १९९१ मध्ये शोधले. २००४ मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

पण तोच वास येत राहिला की या पेशी थंडावतात. नाकाला बदल कळतो, सवयीचं कळत नाही. आईचं तेच झालं.

म्हणून वास कमी झाला तरी निर्धास्त होऊ नका. रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, दिव्या-पंख्याच्या बटणाला हात लावू नका. सगळ्यांना घेऊन बाहेर पडा आणि मग १९०६ वर फोन करा. पहिला वास आला, तोच खरा माना!